विजेच्या गाडीत बिघाड झाल्यावर नेमके काय बंद करावे?

घरातील वीज बिघडली की काय करायचे, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. मेन स्विच खाली ओढायचा, फ्यूज काढून खिशात टाकायचा, आणि मग खुशाल तारेला हात लावायचा. ‘आधी बंद कर, मग हात लाव’ ही शिकवण वायरमनच्या पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे आणि घरापुरती तिच्यात काही चूक नाही. वीज मीटरच्या पलीकडे तयार होते आणि अलीकडे वापरली जाते. मधला दुवा तोडला की अलीकडचे सारे निर्जीव.

विजेवर चालणाऱ्या गाडीत मात्र ही शिकवण अपुरी पडते. तेथे वीज देणारी जागा एक नसून तीन आहेत. पहिली बॅटरी, तिला बंद करणे हा प्रकारच नाही, फक्त तिच्यापासून इतरांना तोडता येते. दुसरे इन्व्हर्टरमधील धारित्र, म्हणजे ज्याला आपण प्रयोगशाळेत कपॅसिटर म्हणतो ते. बॅटरी तोडल्यावरही ते काही काळ भरलेले राहते. आणि तिसरी, जिच्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही, ती म्हणजे खुद्द मोटर. या लेखात मी मुख्यतः या तिसरीविषयी लिहिणार आहे. विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षेत ‘बिघाड झाला तर इन्व्हर्टर बंद करावा’ हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याचा एकदा सविस्तर समाचार घ्यावा असे मनात होते.

त्यासाठी वाचकांना माळव्यात घेऊन जातो. इंदूरच्या एका अंगाला धार जिल्हा आणि दुसऱ्या अंगाला देवास. दोन्ही जुनी मराठी संस्थाने, दोन्हीकडे पवारांचे राज्य. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दोन संस्थाने. आपल्या भागाला देवास परके नाही. सुळेभावीचे कुमार गंधर्व १९४८ साली तेथे गेले आणि १९९२ मध्ये अखेरपर्यंत तेथेच राहिले. ज्या किर्लोस्कर घराण्याच्या उद्योगाचे मूळ १८८८ सालच्या बेळगावातील सायकलच्या दुकानात आहे, त्यांचा पंपांचा एक कारखाना देवासात आहे. आणि धार जिल्ह्यातील पीथमपूर म्हणजे तर मोटारींचे गावच झाले आहे. कायनेटिक होंडा स्कूटर तेथे तयार होत असे. आयशरचे ट्रक १९८६ पासून तेथे बनू लागले. याच पीथमपूरला नॅट्रॅक्स ही वाहनचाचणीची राष्ट्रीय संस्था असून तेथील ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगाचा लंबवर्तुळी मार्ग जून २०२१ मध्ये खुला झाला. अशा मार्गावर गाडी पूर्ण वेगाने, न थांबता, कितीही वेळ पळवता येते. वेग हा आपल्या विषयाचा गाभा असल्यामुळे हा मार्ग वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडेल.

आता गाडीच्या पोटात काय असते ते थोडक्यात पाहू. बॅटरीपासून दोन जाड नारिंगी तारा निघतात. वाटेत दोन मोठे संपर्कक, म्हणजे काँटॅक्टर. त्यापुढे इन्व्हर्टर. त्याच्या तोंडाशी धारित्र आणि आत सहा इलेक्ट्रॉनिक स्विच. तीन वरच्या तारेला जोडलेले, तीन खालच्या. प्रत्येक वरच्या-खालच्या जोडीच्या मधून एकेक तार मोटरकडे जाते. प्रत्येक स्विचच्या अंगाला उलट्या दिशेचा एक डायोड असतो. स्विच बंद करता येतो, डायोड बंद करता येत नाही, ही गोष्ट ध्यानात असू द्यावी. आजच्या बहुतेक गाड्यांत मोटरच्या फिरत्या भागावर कायमचे चुंबक बसवलेले असतात. चुंबकालाही बटण नसते.

देवासला माझे एक आतेभाऊ राहतात. मी त्यांना दादा म्हणतो. बसस्थानकाच्या बाजूला त्यांचे ई-रिक्षा आणि विजेच्या स्कूटर दुरुस्त करण्याचे दुकान आहे. गेल्या हिवाळ्यात अंतिम वर्षाच्या मुलांना घेऊन त्या बाजूला गेलो असता एक दुपार त्यांच्या दुकानात काढली. तेथे हाच विषय निघाला तेव्हा दादा त्यांच्या माळवी वळणाच्या मराठीत म्हणाले, “अरे प्रोफेसर, बॅटरी तर काढून बाजूला ठेवलीय. अब बोलो, करंट येणार कुठून?” प्रश्न रास्त होता. उत्तरादाखल आम्ही एका स्कूटरचे मागचे चाक स्टँडवर उचलले. त्यातच मोटर होती. कंट्रोलरकडे जाणाऱ्या तिन्ही जाड तारा सोडवून मोकळ्या ठेवल्या आणि चाक हाताने फिरवले. ते सहज, निवांत फिरत राहिले. मग त्या तीन तारांची टोके एकमेकांना बांधली आणि दादांना चाक फिरवायला सांगितले. चाक जणू डांबरात रुतले होते. जोर लावला तर हळूहळू सरके. झटका द्यावा तर लगेच थांबे. दादा दोन-तीनदा तारा सोडून, बांधून पाहत राहिले. नंतर दोन तारांना एक छोटा दिवा लावून चाक जोराने फिरवले, तर तो लुकलुकला. बॅटरी चार हात लांब फरशीवर पडली होती. हा प्रयोग कुणालाही करता येईल. हाताने फिरवताना जेमतेम पाच-सात व्होल्ट निर्माण होतात. मात्र कंट्रोलर अवश्य सोडवावा.

या दोन स्थितींना, तारा मोकळ्या आणि तारा एकत्र, मोठ्या गाडीतही नेमक्या त्याच दोन स्थिती समांतर आहेत. बिघाड ओळखताच इन्व्हर्टरचा नियंत्रक एकतर सहाही स्विच उघडे टाकतो, किंवा खालचे तीन (कधी वरचे तीन) जोडून मोटरची तिन्ही टोके मुद्दाम एकमेकांना भिडवतो. या दुसऱ्या क्रियेला जाणूनबुजून केलेला लघुमंडल, अर्थात शॉर्ट सर्किट, म्हणता येईल. ज्या शॉर्ट सर्किटपासून वाचायचे असे आपण जन्मभर शिकतो, तेच येथे संरक्षण म्हणून वापरतात. विद्यार्थ्यांना हे ऐकून हसू येते, आणि ते यावेच. पण कोणती स्थिती केव्हा निवडायची, यात खरी मेख आहे.

एक काल्पनिक पण वस्तुस्थितीला धरून असलेले उदाहरण घेऊ. मोटर मिनिटाला १००० फेऱ्यांना ५० व्होल्ट निर्माण करते, बॅटरी ३५० व्होल्टची आहे, आणि १२,००० फेऱ्यांना गाडीचा वेग ताशी सुमारे १५० किलोमीटर आहे. म्हणजे ७००० फेऱ्यांवर, ताशी ९० किलोमीटरच्या सुमारास, मोटरचा स्वतःचा दाब बॅटरीइतका होतो. त्याखाली सहाही स्विच उघडले तर मोटरचा दाब बॅटरीपेक्षा कमी असल्याने डायोडमधून काहीच वाहत नाही. गाडी नुसती घरंगळत जाते. शहरातील गाडीला हेच सर्वात शांत आणि उत्तम.

पण गाडी नॅट्रॅक्ससारख्या मार्गावर १२,००० फेऱ्यांनी पळत असेल तर? तेव्हा मोटरचा नैसर्गिक दाब ६०० व्होल्ट असायला हवा. मग ३५० व्होल्टच्या बॅटरीने ती चालते कशी? तर इन्व्हर्टर मोटरमध्ये असा एक प्रवाह सतत ढकलत असतो की जो चुंबकाच्या क्षेत्राला विरोध करून त्याला दुबळे करतो. आपण जणू चुंबकाच्या तोंडावर हात धरून असतो. अशा क्षणी सहाही स्विच उघडले की तो हात निघाला. चुंबक पूर्ण ताकदीने पुढे येतो आणि ६०० व्होल्ट डायोडमधून बॅटरीकडे धाव घेतात. बॅटरी जोडलेली असेल तर तिच्यात जबरदस्तीने प्रवाह शिरतो आणि चालकाने न दाबलेला ब्रेक लागतो. ओल्या रस्त्यावर त्याचा परिणाम काय होईल हे सांगायला नको. आणि बॅटरीचे संपर्ककही त्याच वेळी उघडले असतील तर गोष्ट आणखी वाईट. प्रवाहाला जायला जागा नाही, धारित्र भराभर ६०० व्होल्टपर्यंत फुगते, आणि ते जर ४५० व्होल्टसाठी बनवलेले असेल तर फुटते. म्हणजे ‘सगळे बंद करा’ हा आदेश अक्षरशः पाळला, म्हणून इन्व्हर्टर जळाला.

म्हणून अतिवेगात तारा एकत्र करायच्या. त्या क्षणी मनात शंका येते, की इतक्या वेगात शॉर्ट केले तर प्रवाह भयंकर होईल आणि चाके जाम होतील. येथेच निसर्गाची एक सुंदर सोय आहे. वेग वाढला की मोटरचा दाब त्याच प्रमाणात वाढतो, पण वेटोळ्यांच्या प्रेरकतेमुळे होणारा विरोधही त्याच प्रमाणात वाढतो. दोघांचा भागाकार तोच राहतो. माझ्या उदाहरणातील मोटरची चार ध्रुव-जोड्या, ०.२ मिलिहेन्री प्रेरकता आणि १० मिलिओहम रोध धरून हिशेब केला, तर प्रवाह सुमारे ३५० अँपिअरवर स्थिरावतो. वेग दुप्पट केला तरी तेवढाच. त्या प्रवाहाने वेटोळ्यांत तांब्याची उष्णता होते सुमारे १८०० वॅट. ही उष्णता गाडीच्या गतीतूनच येणार. पण शक्ती ठरलेली आणि वेग मोठा, म्हणजे चाकाला अडवणारा जोर, ज्याला आपण टॉर्क म्हणतो, तो अगदी लहान. १२,००० फेऱ्यांना तो जेमतेम दीड न्यूटन-मीटर भरतो. चालकाला जाणवणारही नाही.

आता वेग कमी करत आणा. मिनिटाला १२० फेऱ्या, म्हणजे गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू, तेव्हा प्रेरकतेचा विरोध रोधाइतका खाली येतो आणि टॉर्क सत्तर न्यूटन-मीटरपर्यंत चढतो. गिअरमधून चाकापर्यंत जाताना तो आणखी आठ-नऊ पट होतो. दादांच्या दुकानातील चाक डांबरात रुतल्यासारखे झाले, त्याचे कारण हेच. हाताने आपण नेमक्या त्या मंद वेगाच्या पट्ट्यात होतो. म्हणून वेगात असताना तारा एकत्र, आणि वेग उतरला की मोकळ्या, असा नियम नियंत्रकात घालतात. एका स्थितीतून दुसरीत जाण्याचा वेग कोणता, हे प्रत्येक मोटरचे वेगळे गणित. ते कागदावर करून भागत नाही. शॉर्ट करताना पहिल्या काही क्षणांत प्रवाह स्थिर मूल्याच्या दुपटीजवळ उसळू शकतो, आणि चुंबक तापलेले असतील तर तेवढ्याने त्यांची ताकद कायमची कमी होऊ शकते. हे चाचणीतच पाहावे लागते.

आणखी एक गंमत. समजा खालचा एक स्विच जळून आतल्या आत जोडला गेला. सहज प्रवृत्ती अशी की उरलेले पाच उघडावेत. तसे केले तर मोटर अर्धवट शॉर्ट होते. प्रवाह एका बाजूला झुकतो, गाडी गचके देऊ लागते आणि चुंबकांवरही ताण येतो. त्यापेक्षा खालचे उरलेले दोन निरोगी स्विचही जोडून टाकावेत, म्हणजे तिन्ही टोके समान होतात आणि गचके थांबतात. याउलट, खालचा एक स्विच कायमचा उघडाच राहिला असेल, तर खालच्या बाजूने एकत्र करणे पूर्ण होणार नाही. तेव्हा वरचे तीन वापरायचे. म्हणजे काय बिघडले हे आधी ओळखल्याशिवाय इलाज करता येत नाही, आणि ओळखायला वेळ फारच थोडा. वरचा-खालचा असे एकाच जोडीतील दोन्ही स्विच चुकून एकदम लागले, तर बॅटरी आणि धारित्र यांच्यात सरळ शॉर्ट होते. सिलिकॉनचे जुन्या पद्धतीचे स्विच हे साधारण दहा मायक्रोसेकंद सोसतात. सिलिकॉन कार्बाइडचे नवे दोन-तीनच. तेवढ्यात फ्यूज वितळणे शक्य नाही. म्हणून स्विचच्या शेजारीच एक पहारेकरी मंडल असते. चालू असलेल्या स्विचच्या दोन टोकांत दाब फार वाढलेला दिसला की ते स्वतःच निर्णय घेते, वरिष्ठांना विचारत बसत नाही.

त्यातही घाई करून चालत नाही. दोन हजार अँपिअर एका दशांश मायक्रोसेकंदात तोडले, तर तारांच्या अवघ्या २० नॅनोहेन्री प्रेरकतेत ४०० व्होल्टची उसळी येते, आणि ती बॅटरीच्या दाबावर चढून स्विच फोडते. तेच एका मायक्रोसेकंदात तोडले तर उसळी ४० व्होल्टची. म्हणून स्विचला हळूच मिटवतात. हे सर्व करणाऱ्या मंडलाला स्वतःला वीज हवी, आणि ती सहसा गाडीच्या बारा व्होल्टच्या लहान बॅटरीतून येते. तीच तुटली तर? चांगल्या रचनेत मोठ्या दाबाच्या बाजूनेही एक राखीव पुरवठा ठेवलेला असतो, त्यामुळे मोटर फिरत असेतोवर तारा एकत्र धरून ठेवता येतात. माझ्या मते कुठल्याही इन्व्हर्टरचा आराखडा पाहताना पहिला प्रश्न हाच विचारावा.

गळतीचा बिघाड हा वेगळ्या स्वभावाचा. घरात एक तार जमिनीशी जोडलेली असते, त्यामुळे दुसरी धातूला लागली की फ्यूज उडतो. गाडीतील मोठ्या दाबाच्या दोन्ही तारा सांगाड्यापासून अलग ठेवलेल्या असतात. त्यामुळे एक तार सांगाड्याला लागली तरी काहीच होत नाही. गाडी चालते, फ्यूज शाबूत, धक्काही बसत नाही. भीती नेमकी यातच आहे, कारण आता दुसऱ्या तारेला माणसाचा हात लागायचा अवकाश, मंडल पूर्ण होणार. म्हणून पहिला, मुका बिघाड शोधणारे एक यंत्र गाडीत ठेवतात आणि ते सांगाडा व तारा यांच्यातील रोध वारंवार मोजत असते. एकदिश दाबासाठी व्होल्टला किमान १०० ओहम आणि प्रत्यावर्ती दाबासाठी ५०० ओहम असा दंडक आहे. ३५० व्होल्टच्या गाडीत हे अनुक्रमे ३५ हजार आणि १ लाख ७५ हजार ओहम झाले. अंगातून जाऊ शकणारा प्रवाह १० आणि २ मिलिअँपिअरच्या आत राहावा, असा त्याचा हिशेब. पावसाळ्यात पाण्यातून गेल्यावर हा दिवा लागला आणि उन्हात गाडी वाळल्यावर विझला, तर पुष्कळजण सुटकेचा निःश्वास टाकतात. तो टाकू नये. पाणी शिरण्याची वाट तेथेच राहिलेली असते.

२०२२ च्या उन्हाळ्यात विजेच्या स्कूटरना लागलेल्या आगींची चर्चा फार झाली. त्यांचा विषय मुख्यतः बॅटरीचा होता, आणि त्यानंतर एआयएस १५६ व एआयएस ०३८ या आपल्या मानकांत केलेल्या कडक सुधारणा डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने राहते ते धारित्र. ५०० मायक्रोफॅरड आणि ४०० व्होल्ट म्हणजे ४० ज्यूल. माणसाला इजा करायला पुरेसे. त्याला समांतर ४० हजार ओहमचा रोध कायम लावलेला असेल, तर ६० व्होल्टच्या खाली यायला सुमारे ३८ सेकंद लागतात. ६० व्होल्ट ही एकदिश दाबाची धोक्याची सीमा मानतात. मुद्दाम जोडलेल्या हजार ओहमच्या रोधातून हेच काम एका सेकंदात होते, पण तो रोध जळालेला नाही याची खात्री कोण देणार? म्हणून किल्ली काढावी, सर्व्हिस प्लग काढून आपल्याच खिशात ठेवावा, निर्मात्याने सांगितलेला वेळ घड्याळ लावून थांबावे, आणि मग हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घालून मोजावे. मोजण्यापूर्वी मीटर एखाद्या माहीत असलेल्या बॅटरीवर तपासावा, आणि शून्य दिसल्यावर पुन्हा तपासावा. कारण बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो. ई-रिक्षाची ४८ व्होल्टची बॅटरी या सीमेच्या खाली आहे, पण ती निरुपद्रवी नव्हे. तिच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर तो लाल होतो. दादांनी पान्यांच्या दांड्यांना सायकलची जुनी ट्यूब चढवली आहे, ती उगीच नव्हे.

बंद पडलेल्या गाडीबद्दलही हेच. मानपूरहून नर्मदेच्या खोऱ्यात धामनोदकडे उतरणाऱ्या घाटात मोटरचा विद्युत् ब्रेक मोठा आधार असतो. इन्व्हर्टरने हात टेकले की तो आधार जातो आणि सारा भार साध्या ब्रेकवर येतो. म्हणून चालकाने वेग आधीच कमी ठेवावा. खाली आल्यावर ती गाडी दोरीने ओढून न्यायचा मोह होतो. पण चालणारी चाके जमिनीवर टेकलेली असतील तर चुंबक फिरतात आणि मोटर वीज करू लागते, मग किल्ली कुणाच्याही खिशात असो. ती चाके उचलून, किंवा सबंध गाडी ट्रकवर चढवूनच न्यावी. मी निघताना दादांनी दुकानाच्या भिंतीवर खडूने तेवढे एक वाक्य लिहून घेतले आहे, हिंदीत, कारण गिऱ्हाईक बहुतेक हिंदी बोलणारे.